सखूबाईने दुखणं का लपवलं

दवाखान्यात उभा जन्म काढलेल्या माणसापाशी किस्से साचतात. तो काही ते जमवत नाही. रिकाम्या बाटल्या कोनाड्यात साचतात तसे ते आपोआप साचतात, आणि एक काढायला जावं तर चार खडखडतात. संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर आम्हा चार-सहा पेन्शनरांची बैठक बसते. कोणीतरी म्हणतंच, “वामनराव, होऊन जाऊ द्या एक दवाखान्यातला.” मग मी अंगाला चोळायचं तेल पिऊन टाकलेल्या पहिलवानाची गोष्ट सांगतो. नाहीतर नवऱ्याचं जुलाबाचं औषध चुकून व्याह्यांना पाजणाऱ्या बाईची. सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो.

आज त्या गोष्टी राहू द्या. आज सखूबाईचं सांगतो.

सखूबाई आमच्याकडे आया होती. पंधरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या जखमा धुतल्या, घाण काढली, मरणाऱ्यांच्या तोंडात पाणी घातलं. तिच्या स्वतःच्या छातीत कर्करोगाची गाठ झाली, तेव्हा मात्र तिने ती वर्षभर आमच्यापासून लपवली. जवळपास डॉक्टर नसला तर माणूस दुखणं अंगावर काढतो, हे समजू शकतं. ही बाई डॉक्टरपासून वीस पावलांवर उभी राहून अंगावर काढत होती. असं का केलं, याचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. तिने आमच्याकडे काय काय पाहिलं तेवढं सांगतो. ठरवायचं ते तुम्ही ठरवा.

*

आमचा दवाखाना ठाण्याला, खाडीच्या अंगाला. एका शेटजींनी आईच्या नावाने बांधलेला, धर्मादाय. आठ खाटा आणि चार माणसं. डॉक्टर भास्करराव, मुंबईला शिकून आलेले. मी कंपाउंडर, म्हणजे औषधं कालवणारा. पास्कू ड्रेसर, जखमा बांधणारा, बाळकुमचा किरिस्ताव. आणि सखूबाई, जिच्याकडे उरलेलं सगळं.

माझ्या खोलीत भिंतीला एक लहान कपाट होतं. त्यात मॉर्फियाची तपकिरी बाटली. मॉर्फिया म्हणजे अफूचा अर्क. कितीही ठणका असो, त्याचे मोजके थेंब पाण्यातून दिले की माणूस निवतो. कपाटाला पितळी कुलूप आणि कुलपाची किल्ली डॉक्टरांच्या जानव्याला बांधलेली. जिथे डॉक्टर तिथे जानवं, जिथे जानवं तिथे किल्ली!

भास्कररावांचा नियम एकच. “मॉर्फिया शेवटासाठी. आधीपासून दिलं की शेवटी लागू पडत नाही.”

शेवट कधी सुरू झाला म्हणायचा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तो आला की आम्हाला कळायचं, पण तोवर रोग्याचं गिळणं बंद झालेलं असायचं. अशी ती बाटली वर्षानुवर्षं भरलेली राहिली.

*

त्या काळी अफू काही दुर्मिळ नव्हती. दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर सरकारी परवान्याचं दुकान होतं. कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना मोहरीएवढी अफूची गोळी चाटवून निजवत आणि दिवसभर निर्धास्त राबत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं, पण ती गोष्ट वेगळी.

एकदा अशीच एक बाई बापाला भेटायला आली. बाप आमच्या तिसऱ्या खाटेवर. पोटात गाठ, आणि दोन दिवस त्याचं ओरडणं थांबत नव्हतं. बाईच्या कडेवर दोन महिन्यांचं पोर. तिने ते बापाच्या पायथ्याशी ठेवलं. म्हातारा खाट हादरवत होता आणि पोर ढिम्म झोपलेलं. डॉक्टरांनी बाईला फैलावर घेतलं. “अफू घातलीस ना? विष आहे ते, विष.”

बाई रडायला लागली. सखूबाई खाटेखालचं भांडं काढत होती. तिने एकदा पोराकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडे.

“म्हातारं दोन म्हैन्यांचं असतं तर निजलं असतं,” ती म्हणाली आणि भांडं घेऊन बाहेर गेली.

डॉक्टरांना हसू आलं. मलाही आलं. म्हाताऱ्याला काही मिळालं नाही.

*

कोणाला किती दुखतंय हे ओळखायची आमची रीत सोपी होती. जो ओरडेल त्याला दुखतंय. जो ओरडत नाही त्याला आराम. सकाळच्या फेरीला डॉक्टर विचारायचे, “रात्री आवाज केला?” केला नसेल तर मी वहीत ‘आराम’ लिहायचो. माझं अक्षर चांगलं होतं.

कळव्याचा चांगो म्हणून एक आगरी आला होता. मिठागरावर काम करून काळा कातळ झालेला गडी. जबड्यात कर्करोग. गाल आतून पोखरलेला, तरी चकार शब्द नाही. सतरा दिवस मी त्याच्या नावापुढे ‘आराम’ लिहिलं. एवढं चांगलं सोसणारा रोगी बघून आम्हाला कौतुक वाटायचं. इतरांना त्याचा दाखला द्यायचो. “तो चांगो बघा, कसा गप पडलाय.”

अठराव्या दिवशी त्याची खाट एका बाजूने खाली बसली. बघतो तर भिंतीकडच्या बाजूचा सगळा काथ्या उसवलेला. नुसता उसवलेला नव्हे, धागा धागा सोडवून, पिळून, त्याचा पिंजून केलेला हा एवढा गोळा अंगाखाली. डॉक्टर संतापले. दवाखान्याच्या मालाची नासधूस म्हणजे काय! चांगोला म्हणाले, “दुखत होतं तर ओरडायला काय झालं होतं?”

चांगोला बोलायला वेळ लागला. जबडा हलत नव्हता.

“मिठागरावं वरडून कोन आयकतंय, सायेब? तिथं बगले आनि आपन. सवय नाय.”

सखूबाईने तो काथ्या गोळा केला. मला वाटलं, फेकायला नेते आहे. तर तिने तो चांगोच्या उशाशी ठेवला, परत पिळायला. मी ‘आराम’ खोडून तिथे काहीतरी दुसरं लिहायला हवं होतं. काय लिहावं हे सुचेना, म्हणून तसंच ठेवलं.

*

शीळ गावचा धाकू म्हातारा मात्र बोलका. सत्तरी उलटलेली, पाठीच्या मणक्यात रोग उतरलेला. याला काही द्यावं असं एकदा भास्कररावांच्याही मनात आलं. पण म्हाताऱ्याचा मुलगा नामा पुढे झाला. आम्हीच त्याला पढवून ठेवलं होतं, त्याचा तरी काय दोष.

“नको सायेब,” तो हात जोडून म्हणाला. “बापाला अफूची सवय लागली तं गावात काय तोंड दाखवू? आमच्या घरान्यात कोनी अफूबाज नाय झाला.”

भास्कररावांनी मान हलवली. शहाणा मुलगा, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

“लागूं दे रं सवय. पंधरा दिसांत मी जातंय, ती बी जाईल माझ्यासंगं.”

अख्खा वॉर्ड हसला. नामाही हसला, आणि हसता हसता धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागला. हा किस्सा मी तळ्याच्या पाळीवर बरेचदा सांगतो. लोकांना फार आवडतो. पण म्हातारा पंधरा दिवस म्हणाला होता, तो तेवीस दिवस जगला आणि त्याला सवय लागली नाही, हे मी पुढे सांगत नाही.

*

आता माझं स्वतःचं सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटायचं, सगळं पाप डॉक्टरांचं.

कोणाचं दुखणं खरं आणि कोणाचं सोंग, हे पारखायला मी एक युक्ती काढली होती. साखरेचं पाणी, त्यात गुलाबपाणी, रंगाला थोडं केशर. हे मॉर्फिया म्हणून द्यायचं. आराम पडला म्हणाला तर समजायचं, दुखणं मनाचं आहे. ही युक्ती माझी, डॉक्टरांची नव्हे. त्यांनी माझी पाठ थोपटली होती आणि मी घरी बायकोला ते सांगितलं होतं.

कल्याणचे विनायक मास्तर आमच्याकडे महिनाभर होते. शाळेत चाळीस वर्षं शिकवलेले, पोटाच्या रोगाने नुसती हाडं उरलेली. बोलणं मात्र तसंच, शुद्ध आणि सावकाश. मी त्यांना माझं गुलाबपाणी दिलं आणि समोर उभा राहिलो. ते प्याले, थोडा वेळ डोळे मिटून पडले आणि म्हणाले, “छान आराम वाटतो, कंपाउंडर. आभारी आहे.”

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. मास्तरांचं दुखणं मनाचं ठरलं. पुढे रोज दोन वेळा गुलाबपाणी, आणि रोज दोन वेळा ‘छान आराम वाटतो’.

दहाव्या दिवशी माझ्याकडचं गुलाबपाणी संपत आलं होतं. मी थोडं कमी घातलं. मास्तरांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “आज गुलाब जरा कमी झाला आहे, नाही का?”

“मास्तर, तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग आराम वाटतो असं का म्हणत होता?”

मास्तर म्हणाले, “तुम्ही इतक्या आशेने समोर उभे असायचात. पाढे म्हणताना मुलं तशी उभी राहतात. चुकलं, असं कसं म्हणणार?”

त्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ‘माझी पारख चुकली’ म्हणायला मी निघालो होतो. दारापर्यंत गेलोही. पण डॉक्टरांनी पाठ थोपटली होती ना! मी परत फिरलो. मास्तर त्याच आठवड्यात गेले. शेवटपर्यंत मला ‘आभारी आहे’ म्हणत होते.

सखूबाई मास्तरांचे पेले विसळायची. पेल्याला वास कसला येतो, हे तिला काय कळत नव्हतं? पण तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

*

एकदा वरून एक गोरा साहेब तपासणीला आला. खाटा पाहिल्या, मोरी पाहिली, मग माझं कपाट उघडायला लावलं. तपकिरी बाटली उजेडात धरून पाहिली. गळ्यापर्यंत भरलेली! साहेबाने शेरा लिहिला की घातक औषधं इतक्या काटकसरीने वापरणारा दवाखाना त्याने क्वचितच पाहिला असेल.

शेटजी इतके खूश झाले की त्यांनी टोपलीभर पेढे पाठवले. डॉक्टरांनी सगळ्यांना वाटायला सांगितले, रोग्यांनासुद्धा. ज्यांना गिळता येत होतं त्यांनी खाल्ले.

सखूबाई म्हणाली, “मला उपास हाय.” वार कोणता होता ते आता आठवत नाही, पण उपासाचा नव्हता एवढं नक्की.

मी दोन खाल्ले.

*

भास्करराव वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. कोणाला रागावून हाकलून दिल्याचं मला आठवत नाही. पावसाळ्यात होडीतून पलीकडे जाऊन बाळंतिणी सोडवलेल्या आहेत त्यांनी.

एकदा त्यांचीच दाढ ठणकायला लागली. सकाळी गालाला फडकं बांधून आले, दुपारी रोग्यांच्या खाटांमधून फेऱ्या घालू लागले, तिसऱ्या प्रहरी माझ्या खोलीत आले आणि सदऱ्यात हात घालून किल्ली काढली. माझ्यासमोर थेंब मोजले.

दारात सखूबाई केरसुणी घेऊन उभी होती. अगदी गरीब तोंड करून म्हणाली, “सायेब, थोडं शेवटासाठी ठिवा की.”

मला वाटलं, आता हिची नोकरी गेली. पण भास्करराव पेला हातात धरून तसेच स्टुलावर बसले. ती गेल्यावर मला म्हणाले, “वामनराव, तुम्हाला एक सांगतो. माझ्या पहिल्याच वर्षी, खाली कोकणात, एका म्हातारीला मी मॉर्फिया दिलं. हाच रोग. ती झोपली ती उठलीच नाही. दोन दिवसांत जाणारच होती हो. पण गाव म्हणालं, डॉक्टरने मारली. चौकशी झाली. माझी आई तेव्हा महिनाभर देवळात गेली नाही, लोक काय म्हणतील म्हणून.”

“मग?”

“मग काय. तेव्हापासून किल्ली इथे बांधली.” त्यांनी छातीवर हात ठेवला. मग औषध प्याले. घटकाभरात गालावरचं फडकं सोडलं आणि घरी जेवायला गेले.

मला त्यांची फार दया आली. वॉर्डात तेव्हा सहा रोगी पडलेले होते. दया त्यांची यायला हवी होती, हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी सांगताना सुचतं आहे.

*

इजाबाय ही आमच्या पास्कूची आत्या. बाळकुमला त्यांची शेती. छातीची गाठ फुटून वाहायला लागली तेव्हा पास्कूने तिला बैलगाडीत घालून आणली. भाविक इतकी की माळ हातातून सुटायची नाही. डॉक्टरांचा नियम तिला आड आलाच नाही. तिनेच सांगितलं, “मना दवा नको. माझा दुखना मी देवाला वाहिलाय.”

आम्हाला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पहिल्यांदाच कोणीतरी आपण होऊन नको म्हणत होतं. पास्कू तेवढा तिची जखम बांधून झाली की मागच्या अंगणात जाऊन उभा राहायचा.

एका रविवारी सकाळी तिचे पाद्रीबाबा आले. म्हातारे, मराठी आपल्यासारखंच बोलणारे. तिच्याजवळ बसले, तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “इजा, देवाने तुला क्रूस दिला तो तू घेतलास. त्यावर स्वतःच्या हाताने आणखी खिळे ठोकायला त्याने सांगितलेलं नाही. औषध घे.”

इजाबाय रडली. मग पास्कूला म्हणाली, “दे रं बाबा, काय देतंस तं.”

झालं होतं असं, की त्या दिवशी भास्कररावांच्या पुतण्याची मुंज होती, कल्याणला. डॉक्टर आदल्या दिवशीच तिकडे गेलेले. आणि किल्ली जानव्याला.

पास्कू मिळेल त्या गाडीने कल्याणला गेला. दहाच्या सुमारास मुंजीच्या घरी पोचला. मांडव घातलेला, आत पंक्तीची तयारी आणि डॉक्टर सोवळ्यात. पास्कू किरिस्ताव. तो अंगणात विहिरीपाशी थांबला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे निरोप देत राहिला. कोणी म्हणालं, सांगतो. कोणी म्हणालं, जरा थांब, पंगत बसलीय. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. डॉक्टर वाढत होते. निरोप त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा उन्हं कलली होती. ते तसेच ओल्या हाताने बाहेर आले, किल्ली सोडली आणि पास्कूच्या ओंजळीत वरून टाकली. सोवळं मोडू नये म्हणून. इतक्या वर्षांची सवय, त्यांनाही ते कळलं नसेल.

पास्कू परत आला तेव्हा आम्ही इजाबायचे डोळे मिटवले होते. दिवा लावायची वेळ. सखूबाई तिच्या हातातली माळ नीट करत होती. पास्कूने मूठ उघडून किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, त्यांना कळलं. ते सरळ पास्कूपाशी गेले. “अरे, आत येऊन मला हाक मारायची होतीस.”

पास्कू पट्ट्या गुंडाळत होता. त्याने मान वर केली.

“आत कुठं, सायेब?” त्याने विचारलं.

त्या दिवसापासून भास्कररावांनी किल्ली जानव्याला बांधली नाही. माझ्या टेबलाच्या खणात ठेवायला लागले. पण ‘आता द्या’ असं काही त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

*

यानंतर दोनेक महिन्यांनी, सकाळच्या वेळी, पाण्याची बादली उचलताना सखूबाई घेरी येऊन पडली. पास्कूने तिला सावरली, तर त्याचा हात ओला झाला. पाण्याने नव्हे.

डॉक्टरांनी तपासलं. डावी छाती सबंध फुटलेली. आत घट्ट बांधलेल्या लुगड्याच्या चिंध्या, रोज धुऊन वाळवलेल्या. वर्षभर ही बाई वॉर्डात सकाळ-संध्याकाळ ऊद जाळत होती. डासांसाठी, असं सांगायची. आम्ही म्हणायचो, सखूबाईला स्वच्छतेची हौस. वर्षभर ती जड बादल्याही एकट्या उजव्या हाताने उचलत होती, डावा अंगाशी धरून. आम्ही चार माणसं रोज रोग ओळखणारी, त्यातल्या तिघांना हे दिसलं नाही.

“कधीपासून आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“मागल्या होळीपास्नं.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय व्हनार व्हतं, सायेब? एक खाट अडली असती.”

भास्करराव माझ्या खोलीत आले, खणातली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “वीस थेंब, चार-चार तासांनी. लागेल तसं वाढवू. तिला विचारत बसू नका, ओरडायची वाट बघू नका.”

आता काही अडचण नव्हती. हुकूम होता, किल्ली होती, बाटली भरलेली होती. तरी सांगतो, मी पहिले दोन दिवस दहाच थेंब घातले. का, ते मला विचारू नका. कोणाची भीती नव्हती. हातच दहाला थांबायचा. न देण्याची त्याला इतकी सवय झालेली. सखूबाई प्यायची, कूस बदलायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. उशीची खोळ दातांत धरलेली असायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पेला भरत होतो. मागे पास्कू येऊन उभा राहिला होता, मला कळलं नाही.

“दादा, डॉक्टरांनी किती सांगितलेत?”

“वीस.”

“तुम्ही दहाला थांबलात.”

मी उरलेले दहा घातले. पास्कू मोजत होता.

सखूबाईने ते घेतलं. थोड्या वेळाने तिच्या मुठी सैल झाल्या. मग खांदे उतरले. मग तोंड जरा उघडं पडलं आणि ती झोपली. वर्षभरात ती दिवसाउजेडी झोपली असेल असं मला वाटत नाही. पास्कू तिच्या श्वासाकडे बघत शेजारी बसून होता. डॉक्टर दोनदा दाराशी येऊन गेले.

उन्हं उतरता उतरता तिला जाग आली. मी पुढच्या डोसाचा पेला घेऊन गेलो होतो.

“सखूबाई, दुखतंय का गं?”

घरात हरवलेली वस्तू शोधावी तशी ती अंगातल्या अंगात कुठेतरी शोधत राहिली. मग आश्चर्याने म्हणाली, “न्हाई.”

मी पेला पुढे केला. तिने तो माझ्या हातातून घेतला, पण तोंडाला लावला नाही. खिडकीच्या उजेडाकडे धरला. तळाशी दोन बोटं पाणी, जरासं पिवळट. पेला फिरवून फिरवून ती ते बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“एवढंच व्हतं व्हय, दादा?”